आधी गाणं, गोष्ट नंतर

टीव्हीवरचा गाण्याचा कुठलाही रिअ‍ॅलिटी शो आठवा. स्पर्धक स्टेजवर येतो, नाव-गाव सांगतो. मग दिवे मंद होतात, मागे हळूच पियानो सुरू होतो आणि स्क्रीनवर त्याची ‘एव्ही’ लागते. पत्र्याचं घर, आईचं शिलाई मशीन, वडिलांचं आजारपण, थकलेली फी. कॅमेरा परीक्षकांच्या चेहऱ्यावर जातो. कुणीतरी टिश्यू उचलतं. तिकडे त्यांचे डोळे पुसून होतात तोवर इकडे आपले भरून आलेले असतात. आणि त्या पोरानं अजून साधा सा सुद्धा लावलेला नसतो!

आता खरं सांगा, त्यानंतर तो जे गातो ते आपण नीट ऐकतो का?

त्या पोरांविषयी काही तक्रार नाही. त्यांच्या अडचणी खऱ्याच असतात, आणि चॅनलवाले विचारतात म्हणून ते सांगतात. प्रश्न आपला आहे. गाणाऱ्याचा गळा ऐकण्याआधी त्याची जखम बघायची सवय आपल्याला लागलीये. आणि ती टीव्हीपुरती राहिलेली नाही. लिंक्डइनवर नोकरी लागल्याची पोस्ट टाकायची तर आधी चार ओळी स्ट्रगल लागतो. पॉडकास्टवर तिसराच प्रश्न येतो, ‘तुमचा सगळ्यात वाईट काळ कोणता?’ आणि आपल्या एकांकिका स्पर्धा! विनोदी एकांकिका कितीही चोख बसवा, निकालानंतर कुणीतरी पाठीवर थाप मारून सांगतंच, ‘मजा आली यार, पण थोडी हलकी होती.’

हलकी. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कारण आज ज्या बाईबद्दल बोलायचंय तिला हा शब्द आयुष्यभर चिकटला होता. एला फिट्झजेराल्ड. अमेरिकेची जॅझ गायिका, जन्म १९१७, मृत्यू १९९६. तिला ‘फर्स्ट लेडी ऑफ साँग’ म्हणायचे. तिच्याकडे दहा एव्ही बनतील एवढा ऐवज होता आणि तो तिनं शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागू दिला नाही. पण तो ऐवज काय होता हे इतक्यात सांगत नाही. आधी गाणं.

१३ फेब्रुवारी १९६०, बर्लिन. डॉइशलांडहाले नावाचं अवाढव्य सभागृह, समोर हजारो माणसं. एला ‘मॅक द नाइफ’ गायला घेते. हे गाणं मुळात याच शहरातलं. ब्रेख्तचे शब्द, कुर्ट वाइलचं संगीत, १९२८ साली बर्लिनमध्येच रंगभूमीवर आलेल्या ‘थ्री पेनी ऑपेरा’मधलं. (पुलंनी मराठीत ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं ना, ते याच नाटकावरून.) तोवर लुई आर्मस्ट्राँग आणि बॉबी डॅरिन यांनी ते अमेरिकेत तुफान गाजवलेलं होतं. एला सुरू करण्याआधीच गंमतीत सांगून टाकते की शब्द आठवले म्हणजे मिळवली.

आणि मध्यावर खरंच विसरते.

व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर उत्तर विसरल्यावर आपलं काय होतं ते आठवा. घशाला कोरड, ‘सर, एक मिनिट’, वगैरे. एला काय करते? थांबत नाही. ताल सोडत नाही. चाल चालूच ठेवते आणि त्याच चालीत नवे शब्द रचून गाते, की बाई मी तर पुढचं विसरले. बॉबी डॅरिननं याची रेकॉर्ड केली, लुईनं केली, आणि आता मी या गाण्याचं वाटोळं करतेय, असं सगळं यमकात! मग आर्मस्ट्राँगच्या त्या घोगऱ्या आवाजाची हुबेहूब नक्कल. खाली लोक खुर्चीत मावत नाहीत. या मैफलीच्या रेकॉर्डला पुढे दोन ग्रॅमी मिळाली. चुकलेल्या गाण्याला ग्रॅमी, ऐकलंय कधी?

ही हुशारी आयत्या वेळी सुचत नाही. तिच्यामागे पंचवीस वर्षं होती. एलाची खासियत म्हणजे स्कॅट. स्कॅट म्हणजे शब्दांना सुट्टी देऊन नुसत्या अक्षरांवर गाणं. आपल्याला हे अजिबात परकं नाही. तराणा ऐकलाय ना? तोम, तनन, दिर दिर. अर्थ शोधायला जाल तर हाती काही लागत नाही, पण लय अशी काही धरते की मांडीवर हात पडायला लागतो. हिंदी सिनेमातही आपल्या सी. रामचंद्रांनी १९५७ च्या ‘आशा’मध्ये ‘ईना मीना डीका’ केलं, किशोरकुमारकडून एकदा आणि आशाबाईंकडून एकदा गाऊन घेतलं, तेव्हा निरर्थक अक्षरांची ती धमाल घराघरात पोचली. एलाचं स्कॅट मात्र वाद्यांकडून आलेलं. १९४६ मध्ये ती ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर दौऱ्यावर होती. तेव्हा बीबॉप ही जॅझची नवी, भलतीच वेगवान चाल जन्माला येत होती. ही पोरं वाजवतात ते गळ्यातून काढता येईल का, हे ती तिथं रोज करून बघत होती. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, अगदी बोनं वाजवलेला डबल बास. तिच्या गळ्यात अख्खा बँड राहायचा. आणि पट्टी जवळपास तीन सप्तकांची.

नंतर मॅनेजर नॉर्मन ग्रँझनं तिच्याकडून आणखी एक मोठं काम करून घेतलं. १९५६ ते १९६४ या काळात आठ ‘साँगबुक’. कोल पोर्टर, ड्यूक एलिंग्टन, आयर्विंग बर्लिन, गर्श्विन बंधू अशा एकेका संगीतकाराची किंवा जोडीची गाणी एकत्र. आज ज्याला अमेरिकन गाण्यांचा अभिजात खजिना म्हणतात, तो बहुतेकांना एलाच्या आवाजात पाठ आहे. आपली गाणी इतकी चांगली आहेत हे एलानं गायल्यावर कळलं, असं खुद्द गीतकार आयरा गर्श्विन म्हणाल्याचं सांगतात.

आणि तरीही, हलकी.

एलाचं नाव निघालं की तुलनेला दुसरं नाव यायचंच, बिली हॉलिडे. बिलीसोबत वाजवलेल्या एका क्लॅरिनेटवादकाचा शेरा फार गाजला. त्याचा मथितार्थ असा: नवरा सोडून गेला हे एला गाते तेव्हा वाटतं, गेला असेल कोपऱ्यावर पाव आणायला. बिली गाते तेव्हा त्याची भरलेली बॅग दिसते आणि कळतं, हा आता परत येत नाही.

शेरा झकास आहे, मान्य. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर एलाच्या काही गाण्यांना तो लागूही पडतो. चाल इतकी सहज गळ्यावर बसायची की कधीकधी शब्दांवरून ती घसरगुंडीसारखी निघून जायची. पण ‘तिला दुःख कळतच नव्हतं’ असा त्यातून निष्कर्ष काढायचा असेल, तर त्याच १९६० सालचा तिचा दुसरा अल्बम ऐका. ‘लेट नो मॅन राइट माय एपिटाफ’. बँड नाही, स्कॅट नाही, कसरती नाहीत. नुसता पॉल स्मिथचा पियानो आणि तिचा आवाज. रात्री दिवा मालवून ऐकायची गाणी आहेत. बर्लिनला हजारोंना हसवणारी हीच बाई आणि मागे पियानोवर हाच माणूस!

आता ती गोष्ट.

व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजमध्ये जन्म. लहानपणीच आई तिला घेऊन न्यूयॉर्कजवळच्या याँकर्सला आली. एला पंधरा वर्षांची असताना आई गेली. मुलगी हार्लेममध्ये मावशीकडे आली, शाळा सुटली, पैशांसाठी आकड्याच्या धंद्यात निरोप्याची कामं करायला लागली. पकडली गेली. आधी अनाथाश्रम, मग हडसन गावातली मुलींची सरकारी सुधारशाळा. तिथून पळाली आणि मंदीच्या काळात हार्लेमच्या रस्त्यांवर राहिली.

एलानं याबद्दल जाहीरपणे कधी अवाक्षर काढलं नाही. ती १५ जून १९९६ ला गेली. त्यानंतर आठवडाभरानं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये शोधून काढलेली बातमी आली, तेव्हा जगाला सुधारशाळेचं कळलं. तिथं मुलींना मारहाण व्हायची. काळ्या मुलींना वेगळ्या, गर्दीनं भरलेल्या घरांत ठेवायचे. आणि शाळेत एक छान गायनवृंद होता. फक्त गोऱ्या मुलींचा. पुढच्या शतकभराचा आवाज त्या आवारात राहत होता, आणि गायनवृंदात त्याला जागा नव्हती.

२१ नोव्हेंबर १९३४. हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये हौशी कलाकारांची रात्र. सतरा वर्षांची एला खरं तर नाचायला गेली होती. पण तिच्या आधी दोन बहिणी अशा काही नाचून गेल्या की हिची हिंमतच सुटली. ऐनवेळी ती गायली आणि पहिली आली. बक्षीस पंचवीस डॉलर. विजेत्याला त्याच थिएटरात आठवडाभर कार्यक्रम मिळायचा, तो हिला मिळाला नाही. मळके कपडे, विस्कटलेले केस, अवतार बरा नव्हता म्हणे. पुढे ड्रमर चिक वेबकडे तिला नेलं तर तोही आधी तिचं ध्यान बघून नाक मुरडत होता. गंमत म्हणजे चिक वेब स्वतः मणक्याच्या क्षयानं वाकलेला, जेमतेम उंचीचा माणूस. त्याला तरी कळायला हवं होतं! शेवटी घेतली. १९३८ मध्ये मुलींच्या खेळातल्या बडबडगीतावरून एलानं संगीत संयोजक व्हॅन अलेक्झांडरबरोबर ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ बांधलं आणि एकवीस वर्षांची ही पोरगी देशभर माहीत झाली. पुढच्याच वर्षी वेब वारला. बँड तिच्या नावानं चालू लागला.

तुमच्या फीडमध्ये एलाविषयीचं एक रील कधी ना कधी आलं असेल. मर्लिन मन्रो आणि एला, शेजारीशेजारी बसलेला फोटो, आणि खाली मजकूर: काळी म्हणून एलाला हॉलिवूडचा मोकँबो क्लब घेत नव्हता, मर्लिननं फोन केला, रोज पुढच्या टेबलावर बसेन म्हणाली आणि एलाला संधी मिळाली. मर्लिननं मदत केली हे खरं, ते एलानंच नंतर सांगितलंय आणि तिचे उपकारही मानलेत. पण तो फोटो मोकँबोमधला नाही, १९५४ मधला टिफनी नावाच्या दुसऱ्याच क्लबातला आहे. आणि १९५५ च्या आधी मोकँबोत डोरोथी डँड्रिज, अर्था किट या काळ्या कलाकार गाऊन गेल्या होत्या. त्या सडपातळ होत्या, ग्लॅमरस होत्या. एला जाडी होती. क्लबचा आक्षेप तिथं होता, असं अभ्यासक मांडतात. म्हणजे रीलमधून नेमकी तीच गोष्ट गळाली, जी आपल्याला आजही आरशात टोचते. शिवाय गोष्टीची नायिका कोण? मर्लिन. एलाला रोल काय, तर बिचारीचा.

पण ती बिचारी होती कुठे?

१९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना होनोलुलूत पॅन अ‍ॅम कंपनीनं तिला फर्स्ट क्लासचं तिकीट असूनही विमानात परत चढू दिलं नाही. बरोबरच्या काळ्या सहकाऱ्यांनाही नाही. तीन दिवस ती अडकून पडली, कार्यक्रम बुडाले. तिनं कंपनीला कोर्टात खेचलं आणि भरपाई वसूल केली. पुढच्या वर्षी ह्यूस्टनला ग्रँझनं सभागृहातल्या ‘गोरे’ आणि ‘काळे’ या पाट्या काढून टाकल्या, काळे-गोरे प्रेक्षक एकत्र बसवले. पोलिसांना ते कसं चालणार? त्यांनी ड्रेसिंग रूमवर छापा घातला. गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवाला इलिनॉय जॅके फासे टाकत होते. एला बाजूला बसून पाय खात होती. तिलाही जुगाराच्या आरोपाखाली उचललं. आणि पोलीस स्टेशनात त्यांनी तिच्याकडे काय मागितलं असेल? ऑटोग्राफ!

१९६३ मध्ये एका रेडिओ मुलाखतीत ती वर्णद्वेषावर स्पष्ट बोलली. दक्षिणेत गाता येत नाही, याची चीड तिनं व्यक्त केली. ती मुलाखत तेव्हा प्रसारितच झाली नाही. कित्येक दशकांनी, २०१९ च्या माहितीपटात लोकांनी ती ऐकली. ‘एला कधी बोलली नाही’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ती बोलली, ऐकवलं गेलं नाही. जे तिनं स्वतःहून झाकलं ते तिचं बालपण होतं, ती सुधारशाळा होती.

का झाकलं? आजच्या भाषेत कुणी म्हणेल, बाई डिनायलमध्ये होती, तिनं थेरपी घ्यायला हवी होती. असेलही. लाजही असेल. त्या काळी सुधारशाळेतली मुलगी हा शिक्का करिअर संपवू शकत होता. पण माझं मत असं आहे की कारण काहीही असो, तो तिचा हक्क होता आणि तिनं तो वापरला. वाट्याला आलेल्या वाईटावर तिची मालकी होती. कुठलं दुःख चव्हाट्यावर आणायचं आणि कुठलं नाही, हे तिनं ठरवलं. विमान कंपनीचं कोर्टात नेलं, सुधारशाळेचं आत ठेवलं.

यावर तुम्ही विचाराल, मग बिली हॉलिडेनं मांडलं ते चूक? अजिबात नाही. पण आपण बिलीचं तरी काय केलंय बघा. व्यसन, मारकुटे पुरुष, तुरुंग, आणि १९५९ मध्ये हॉस्पिटलच्या खोलीबाहेर पोलिसांचा पहारा असताना चव्वेचाळिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. हे सगळं आपल्याला पाठ. पण ती सूर तालाच्या किंचित मागे कसा रेंगाळवते, एका शब्दावर किती थांबते, चाल कशी मोडून स्वतःची करते, हे तंत्र आहे, प्रचंड अक्कल आणि रियाज आहे, हे कोण बोलतं? ‘ती भोगत होती म्हणून तसं गायची’ असं म्हटलं की झालं, श्रेय दुःखाला. तिचं सगळ्यात गाजलेलं ‘स्ट्रेंज फ्रूट’ (१९३९) तर तिच्या खासगी दुःखाचं गाणंच नाही. काळ्यांना झाडाला लटकावून मारणाऱ्या झुंडींवरचं ते गाणं एबल मीरोपोल नावाच्या शिक्षकानं लिहिलं होतं. बिलीनं ते राजकीय धाडस म्हणून गायलं. म्हणजे दुःखाचं माप लावून आपण एलाला हलकं ठरवलं आणि बिलीला नुसतं पीडित. दोघींचं गाणं राहिलं बाजूला.

हे दूरचं वाटत असेल तर स्वतःकडे बघा. दोन-तीन वर्षांत तुम्ही कुठल्यातरी फेलोशिपचा, परदेशी विद्यापीठाचा किंवा स्टार्टअपमधल्या नोकरीचा फॉर्म भराल. त्यात एक चौकट असेल: आयुष्यातल्या मोठ्या अडचणीवर तुम्ही कशी मात केलीत ते लिहा. घरात खरंच काही घडलेलं असेल तर हात थांबेल. लिहू का? आईला विचारू का? ज्यांच्या घरी काही घडलेलं नाही, ते एआयला सांगून स्ट्रगल तयार करून घेतील. ज्यांना सांगावंसं वाटतं त्यांनी जरूर सांगावं, सांगितल्यानं अनेकांचं ओझं हलकं होतं. पण ज्यांना नाही सांगायचं, त्यांनी ती चौकट गणितातल्या आवडीवर, नाटकाच्या सेटवर, सायकलच्या दुरुस्तीवर भरली तर ते कमी खोल ठरू नये. आनंदाची गोष्ट हीसुद्धा कमावलेलीच गोष्ट असते. कधीकधी जास्त महागात पडलेली.

एलाला मधुमेह होता. १९९३ मध्ये तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. तिनं स्वतःच्या नावाची एक धर्मादाय संस्था काढली ती त्याच वर्षी, आणि ती संस्था आजही मुलांच्या शिक्षणासाठी आणि संगीतासाठी पैसा देते.

ऐकायचं कुठून, तर बर्लिनच्या रेकॉर्डपासूनच सुरुवात करा. शब्द विसरलेलं गाणं ऐकून झालं की उठू नका, शेवटचं ‘हाऊ हाय द मून’ बाकी आहे. जवळपास सात मिनिटं, त्यातला बहुतेक भाग स्कॅट. वेग इतका की श्वास कुठे घेते ते शोधत राहावं लागतं. मध्येच ती इकडच्या-तिकडच्या दहाबारा गाण्यांचे तुकडे ओढून आणते. त्यात डोळ्यांत धूर जाण्याविषयीचं एक जुनं, हळवं प्रेमगीत आहे. एला त्यातला धूर काढते आणि तिथं घाम घालते. हेडफोन लावून ऐका, नीट कळतं. बाई हसतेय, तरीही सुरात आहे, आणि घाम खरोखरच डोळ्यांत उतरलाय.